जुलेखाबीची नानकटाई आणि मकदूमची बादली

सूड घेऊ नये, असं सांगणाऱ्या लोकांचं बहुतेक काही हिरावलेलं नसतं. आमच्या गल्लीतल्या जुलेखाबीचं हिरावलं होतं. तिने सूड घेतला तेव्हा मी आईच्या शेजारी बसले होते, आणि मला तो पोटभर आवडला. नंतर काय झालं तेही सांगते, पण आधी भट्टीचं सांगायला हवं.

सोलापुरात बेगम पेठेच्या अंगाला राजेसाबची भट्टी होती. एरवी पाव निघायचा तो छावणीसाठी, स्टेशनसाठी आणि गिरणीतल्या साहेबांसाठी. आमच्यासारख्या लिंगायत घरात पाव शिवत नव्हते. तो पाण्यात मळतात आणि ते पाणी मुसलमानाच्या आडाचं, एवढं कारण पुरे होतं. नानकटाईची गोष्ट वेगळी. मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर, त्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून बाट नाही. दिवाळी आली की आई घरचं तूप आणि घरचा मैदा डब्यात भरून भट्टीवर जायची. प्यायचं पाणी मात्र तांब्यात भरून घरून न्यायची, कारण भट्टीच्या अंगणात आड असला तरी तो आमचा नव्हता. हा हिशेब कुणाला विचित्र वाटत नसे, जुलेखाबीलाही नाही. ती हसून सांगायची की नानकटाई मूळची सुरतेची. गोऱ्यांच्या भटारखान्यात तिच्यात अंडं होतं, ताडी होती. ती दोन्ही गेली तेव्हा कुठे ती हिंदूंच्या ताटात आली.

राजेसाब भट्टी सांभाळायचा आणि जुलेखाबी नानकटाई. ती अंगणात, सगळ्या बायकांच्या देखत परात मांडून बसायची आणि तळव्याने तूप फेसायची, पांढरंशुभ्र होईपर्यंत. ज्या घरचा डबा त्या घरची बाई समोर. पाव काढून भट्टी उतरली की त्या मंद आचेवर नानकटाईचे पत्रे आत जायचे. बाहेर यायची ती नानकटाई वरून फुलासारखी तडकलेली असायची आणि जिभेवर ठेवली की विरघळायची. आमच्या घरी ती चहाच्या बशीत मोडून खायची पद्धत होती. वडील तर दुसऱ्याच्या बशीतली आधी खायचे.

राजेसाब तापाने गेला. जुलेखाबीची इद्दत, म्हणजे विधवेने घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपली त्याच दिवशी तिचा दीर मकदूम भट्टीच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "भाबी, भट्टी बाईमाणसाचं काम न्हाय. तुमी मैंदर्गीला बापाकडं जावा." तिने परात तरी मागितली. परात लग्नात तिच्या बापाने दिली होती. मकदूमने तीही दिली नाही. वर पेठेत सांगत सुटला की भाबीच्या हाताला आता गुण राहिला नाही, तिने फेसलेलं तूप फाटतं. उपाशी ठेवलं असतं तरी तिने एक वेळ सोसलं असतं. पण हाताला नाव ठेवलं, ते तिला सोसलं नाही.

ती मैंदर्गीला गेली नाही. भट्टीच्या बरोबर समोर एक खोली घेतली आणि दारात बसून राहिली. आईला म्हणाली, "अक्का, त्याची भट्टी थंड पडलेली बघीन, मगच डोळे मिटीन." एका जाड पातेल्याच्या बुडाशी वाळू पसरायची, खाली निखारे, झाकणावर निखारे, अशी चार-दोन नानकटाया करून, विकून ती पोट भरायची. आईला तो प्रकार एवढा आवडला की तिने तो तिच्याकडून शिकून घेतला. हे लक्षात ठेवा.

मकदूमने नानकटाई मळायचं काम अंगणातून उचलून आत नेलं आणि दाराला पडदा लावला. गर्दी लई होते, असं कारण दिलं. त्या दिवाळीला आमची नानकटाई गुळगुळीत निघाली, वर एक तडा नाही, दाताला वातड. आई कुरकुरली. जुलेखाबीने ती हातात घेतली, मोडली, वास घेतला आणि परत दिली. तिला तिथेच कळलं होतं. दारात बसून तिने मागच्या बाजूने तुपाचे डबे खानावळीकडे जाताना पाहिले होते, आणि पाव नसलेल्या दिवशी आडावरून बादली आत जातानाही पाहिली होती. बायकांचं तूप तो चोरत होता. तूप कमी पडलं की पीठ मिळून येत नाही, म्हणून पाण्याचा हबका मारत होता.

तेव्हाच सांगितलं असतं तर चार घरांनीच भट्टी सोडली असती. तिला चार घरं पुरेशी नव्हती. ती वर्षभर गप्प बसली. एवढा वेळ राग जपायला माणूस लागतं. माझा तर भाजीला फोडणी बसेपर्यंत टिकत नाही.

पुढच्या दिवाळीला भट्टीचं अंगण बायकांनी भरलं. आदल्या दिवशी तिने आईकडून आमच्याच डब्यातलं थोडं तूप आणि मैदा मागून नेला होता. आमचा पत्रा बाहेर आला तशी ती रस्ता ओलांडून आली, हातात ताटली. एक नानकटाई मकदूमच्या पत्र्यातली आणि एक तिच्या पातेल्यातली, दोन्ही आईच्या पुढ्यात मोडल्या. तिची भुगा होऊन पडली. मकदूमच्या नानकटाईचे चामड्याच्या वादीसारखे दोन तुकडे झाले.

"तूप तुमचंच, मैदा तुमचाच," ती म्हणाली. मग पडद्याकडे वळली. "दीरसाब, आज पाव न्हाय. मग आत पाण्याची बादली कशाला?"

मकदूम म्हणाला, "हात धुवायला."

माझी आई, ईरम्मा, तशी भित्री बाई. पण घरच्या तुपाचा प्रश्न होता. तिने पडदा बाजूला केला. परातीत पीठ होतं, ती जुलेखाबीचीच परात, आणि कामगाराचा ओला हात पिठात होता. आई मागे सरली, एवढंच म्हणाली, "पाणी हाय की." कुणी भांडलं नाही. बायकांनी आपापले डबे उचलले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालू लागल्या. भाजलेले पत्रे तसेच राहिले. गेल्या दिवाळीला नानकटाईतून बाट पोटात गेली, म्हणून कित्येकींनी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

जुलेखाबी भट्टीच्या पायरीवर बसली आणि आमच्या पत्र्यातली एक एक नानकटाई उचलून मकदूमच्या देखत कावळ्यांना टाकत राहिली. तिचा चेहरा मी विसरले नाही. लग्नातही बाई इतकी खूश दिसत नाही.

बोभाटा झाला आणि बदनाम भट्टीचा पाव छावणीनेही बंद केला. उन्हाळ्याच्या आत भट्टी थंड पडली. मकदूम घेणेकऱ्यांना चुकवत गुलबर्ग्याकडे निघून गेला, जाताना परात टाकून गेला. जुलेखाबीने ती राखेने घासली, भट्टी उघडली, अंगण सारवलं आणि दिवाळीच्या आधी जाळ घातला. पडदा काढून टाकला होता. आत-बाहेर सगळं उघडं ठेवून ती अंगणात परात मांडून बसली.

कुणीही आलं नाही.

पेठेत एकच गोष्ट राहिली होती, की भट्टीवरच्या नानकटाईला पाणी लागतं. कुणाची भट्टी, कुणी घातलं, हे कुणी लक्षात ठेवलं नाही. स्टेशनकडे एकाने 'शुद्ध हिंदू बिस्किटे' अशी पाटी लावून दुकान टाकलं होतं, तिथे रांग लागली. आणि आमच्या घरी आईने पातेल्यात वाळू पसरली, वर निखारे, खाली निखारे.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आई ताटली घेऊन तिच्याकडे गेली, मी बरोबर. भट्टीतला जाळ विझला होता. जुलेखाबीने नानकटाई मोडली, निरखली, तोंडात टाकली. "चांगली झालीया," म्हणाली. "तूप अजून फेसायचं हुतं."

आईला राहवलं नाही. "जुलेखाबी, पस्तावा होतोय का?"

"न्हाय. पुन्यांदा तसंच करीन." ती आडाकडे बघत होती. "पण अक्का, चोरी तुपाची हुती. तूप चोरलं म्हणून कुणी उठलं न्हाय. पाणी म्हटल्यावर उठलात. मला ठावं हुतं उठाल, म्हणून तर मी पाणी म्हटलं. त्या बादलीतलं पाणी ह्याच आडाचं. मी बी तेच पिते."

उन्हातून चालत आलो होतो, मला तहान लागली होती. मी तसं म्हटलं. जुलेखाबी उठली नाही, आईकडे बघत राहिली. आईने तांब्या आणला नव्हता. ती माझा हात धरून म्हणाली, "घरी जाऊन पी."