मावशी बसली ती बसलीच

मावशी गेल्याचं मला देवळाच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, घंटेने सांगितलं. माणिकपुरात घंटा रोजचीच, पण कुणी गेलं की ती थांबून थांबून वाजते आणि दोन टोल्यांच्या मध्ये माणसाला विचार करायला वेळ देते. मी गॅलरीत चहा घेत होतो. पहिल्या टोल्याला म्हटलं, असेल कुणी. दुसऱ्या टोल्याला कप खाली ठेवला... कारण सकाळची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, आटोपून परतताना ती क्रुसाच्या ओट्यावर बसलेली दिसायला हवी होती, आणि ओटा रिकामा होता. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. तरी चहा घेताना नजर आधी तिकडेच जाते.

कतरीनमावशी माझी तशी कुणीच नव्हे. तिच्या सासऱ्याच्या केळीच्या वाडीवर जी बिल्डिंग उभी राहिली तिच्यात मी राहतो, एवढंच नातं. मी साताऱ्याकडचा, बँकेतून निवृत्त झालेला आणि भांडकुदळ म्हणून सोसायटीत ओळखला जाणारा. ती नायगावच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांच्या घरातली, लग्न होऊन माणिकपुरात आलेली. आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि माझी बायको सुनंदा रस्त्याच्या कडेला दुधाचं पातेलं धरून उभी होती. समोरच्या कौलारू घरातून ही बाई आली, सुनंदाचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं आणि पुढ्यात केळ्यांचा घड ठेवला. ओळखपाळख सगळी नंतर. कुणाला उभं पाहिलं की तिच्या जिवाला चैन पडत नसे. पोस्टमन असो, वर्गणीवाले असोत की मतं मागायला आलेले पुढारी, तिचा पहिला शब्द ‘बस’ हाच. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, उभ्या माणसाचं बोलणं खरं नसतं, त्याचं अर्धं लक्ष निघण्याकडे असतं. मी बँकेच्या काउंटरवर जन्म काढला, मला हे एका झटक्यात पटलं.

तो ओटा म्हणजे वाडीच्या वळणावरच्या जुन्या क्रुसाचा, चुन्याने रंगवलेला, गुडघ्याएवढा. रस्ता रुंद झाला तेव्हा कुंपणं गेली, विहीर गेली, क्रूस तेवढा राहिला आणि त्याचा ओटा नव्या फुटपाथवर आला. मावशीचे गुडघे तोवर कामातून गेले होते. घर ते देऊळ, देऊळ ते भाजीबाजार, बाजार ते घर हा तिचा रोजचा फेरा. ठिकठिकाणी टेकत, दम घेत ती तो पुरा करायची. नवरा गेल्यावर तिचं जग म्हणजे हा फेराच होता. वाटेत बसली की चार बायका भोवती जमत. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या पोराला नोकरी लागली, हे सगळं त्या ओट्यावर आधी कळे आणि मग घरोघर जाई.

मग सुशोभीकरण आलं. चकचकीत लाद्या आल्या, वाकड्या मानेचे दिवे आले आणि क्रुसाच्या शेजारी निळी पाटी आली. पदपथावर बसण्यास, झोपण्यास व टेकून राहण्यास सक्त मनाई, उल्लंघन करणाऱ्यास दंड. ओट्याच्या कडेला लोखंडी खिळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या. पाटीच्या पायथ्याशी लोक खुशाल स्कूटर लावत, त्यांना कुणी हटकत नव्हतं. बंदी होती ती माणसाच्या बुडाला. माझं डोकंच फिरलं. अर्ज केले, पालिकेच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. तिथे मला ऐकवण्यात आलं की हे रिकामटेकड्यांसाठी आहे, तुमच्यासारख्या सभ्य माणसांसाठी नाही. म्हणजे थकणारा माणूस असभ्य. बाहेर येऊन बघतो तर कचेरीच्या आवारातही बसायला दगड नव्हता.

मावशीला वाटलं, आपल्याला कोण काय म्हणणार. ती खिळे नसलेल्या कोपऱ्यात बसली आणि नव्या पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. तिला शिट्टी वाजवून उठवलं, तिच्याच घराच्या क्रुसापासून. दुसऱ्या दिवशी तिने न बसता फेरा पुरा करून पाहिला. मी वरून पाहत होतो. देवळाच्या अर्ध्या वाटेवर ती थबकली, भिंतीला हात लावला, शिट्टी ऐकून हात काढला, आणि तशीच माघारी फिरली. त्यानंतर तिचं बाहेर पडणंच बंद झालं. मिस्सा मोबाइलवर, भाजी सुनेकडून. खाटेवर पडून छताकडे बघत असायची. तिचा मुलगा इनास म्हणाला, काका, आईला काही दुखत नाही, पण ती संपत चाललीये. मी समाचाराला गेलो, शेजारी बसलो. ती म्हणाली, “ही बसायची बंदी नाय रे सुरेश. माझ्यासारखीनं घराबाहेर पडायची बंदी हाय.” माझ्या सगळ्या अर्जांत मिळूनही एवढं नेमकं वाक्य नव्हतं.

मे महिना जवळ आला. मे महिन्यात इथल्या क्रुसांपाशी संध्याकाळी लदीन असते. वाडीतली माणसं चटया टाकून बसतात, माळ म्हणतात, गाणी गातात आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे मिळतात. बिल्डिंगमधले आम्ही लोकही चण्यांच्या वेळेला बरोबर हजर. त्या वर्षी दंडाच्या भीतीने तरुण पोरांनी तोडगा काढला की लदीन आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करू, पंखेही आहेत. मावशी खाटेवरून उठून बसली. “क्रूस काय पंख्याखाली येनार हाय?” बस, विषय संपला. आणि खिळ्यांचं काय, असं कुणी विचारलं, तर म्हणाली की प्रत्येकाने घरून जेवायचा पाट आणावा, पाट खिळ्यांवर ठेवावा आणि पाटावर आपण बसावं.

इथे माझी पंचाईत झाली. आमच्या घरात पाट एकच, तो गणपतीचा. माझ्या आजोबांपासूनचा, शिसवी, पितळी फुलांचा. भाद्रपद सोडला तर तो कपाटावर कापडात गुंडाळलेला असतो आणि त्यावर माणूस बसत नाही. मी खुर्ची न्यायला निघालो तर सुनंदाने पाट खाली काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, बाप्पा समजून घेतील, ते काही कचेरीत कामाला नाहीत. ती स्वतः खाली गेली आणि ओट्यावर, खिळ्यांच्या बरोबर वर, तो पाट ठेवला. इनासच्या खांद्यावर हात टाकून मावशी आली. पाटावरची पितळी फुलं पाहून तिने सुनंदाकडे पाहिलं, क्रुसाची खूण केली आणि बसली.

काय संध्याकाळ होती ती. ओट्यावर पाटच पाट, आणि पुढे फुटपाथभर चटया. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकून पाहिली, ती गाण्यात बुडाली. मग त्याने फोन केला आणि शेवटची प्रार्थना, लितानी, चालू असतानाच कचेरीची जीप आली. साहेब उतरले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात दंडाचं पुस्तक. पोरं चुळबुळली. मावशीचा सूर हलला नाही. आमेन झाल्यावर तिने मान वर केली, साहेबांना नखशिखान्त पाहिलं आणि साऱ्या जगाला म्हणायची तेच म्हणाली, “उभा का? बस.”

साहेब म्हणाले, “आजी, इथं बसायला...” आणि त्यांनी स्वतःच पाटीकडे पाहिलं.

“देवाच्या दारात आलेला उभा राहत नाय. बस.”

साहेबांनी बूट काढले. कसे काढले, का काढले, ते त्यांनाच ठाऊक. ते आपल्याच पाटीखाली चटईवर बसले, आणि कुणीतरी त्यांच्या हातात चण्यांचा द्रोण दिला. पहारेकरीही हळूच टेकला. मावशीने चौकशी सुरू केली. गाव कुठलं, तर परभणीकडचं. आई आहे का, तर आहे, गावालाच असते. बाजाराला चालत जाते का, तर जाते.

“मग वाटेत बसते कुठं?”

साहेबांचा चणे खाणारा हात थांबला. ते म्हणाले, “मारुतीच्या पारावर.”

“त्या पारावर खिळे नको हां ठोकू, बाबा.”

दंडाचं पुस्तक चटईखाली सरकलं होतं, जाताना ते त्यांना शोधून द्यावं लागलं.

चार-सहा दिवसांनी साहेब पुन्हा आले, जीप नाही, चालत, सकाळच्या मिस्सेच्या वेळेला. मावशीबरोबर ते देवळापर्यंत गेले, तिथून बाजारात, बाजारातून घरी. ती जिथे जिथे दमून थांबली तिथे तिथे त्यांनी लादीवर खडूने फुली मारली. पट्ट्या कापून नेल्या. आमच्या भागापुरता तो आदेश मागे घेतला गेला आणि प्रत्येक फुलीवर एकेक ओटा बांधायला गवंडी आले. पहिला ओटा उंच झाला, मावशीचे पाय लोंबकळायला लागले. “पाय टेकले नाय तर ते बसनं कसलं? ते टांगनं झालं,” म्हणून तिने तो फोडायला लावला. गवंडी कुरकुरला, पण साहेबांनी फोडायला सांगितलं. मी इतके अर्ज केले, पण माझ्या शब्दावरून एक वीटही हलली नव्हती. आणि तरी मला इतका आनंद आयुष्यात क्वचित झाला असेल. पुढे आचोळ्याच्या काही बायका तिला भेटायला आल्या, त्यांच्याकडेही अशीच पाटी लागली होती. कसं लढलात, असं त्यांनी विचारलं. लढले कुठे, मी तर बसले होते, असं म्हणून तिने त्यांना चहा पाजला.

पाट आम्ही परत मागितला नाही. खिळे गेले तरी ती त्याच पाटावर बसायची. सकाळी इनास तो ओट्यावर ठेवी, दुपारी घरात नेई. निळी पाटी मात्र तशीच राहिली. आदेश काढणारे भेटतात, पाटी काढणारे भेटत नाहीत. मावशी तिच्या खांबाला छत्री अडकवायची.

अंत्ययात्रेत वाटेतल्या क्रुसापाशी थांबून प्रार्थना करायची इथली रीत आहे. खांदेकऱ्यांनी शवपेटी खाली उतरवली, त्याच ओट्यावर. फादर प्रार्थना म्हणत होते, रिक्षावाले इंजिन बंद करून उभे होते. माझं लक्ष पाटीकडे गेलं. बसण्यास, झोपण्यास सक्त मनाई... बसण्याचं कलम तिने जिवंतपणी मोडलं होतं, झोपण्याचं राहिलं होतं, तेही आज निकालात निघालं. मला भर गर्दीत हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की सुनंदाने मला धरून तिथेच खाली बसवलं. मला बसलेलं पाहून शेजारची एक म्हातारी बसली, तिच्या मागची बसली, आणि बघता बघता मावशीला न्यायला आलेला तो सगळा जमाव फुटपाथवर बसला. शिट्टी वाजली नाही. पहारेकरीही टोपी काढून आमच्यातच बसला होता.

गेल्या रविवारी इनास पाट घेऊन आला. घासूनपुसून आणला होता. रोजच्या बसण्याने पितळी फुलं मधोमध गुळगुळीत झालीत, कडेची तेवढी उठून दिसतात. गणपतीसाठी मधल्या काळात आम्ही नवा पाट घेतला होता. सुनंदाने तो नवा पाट इनासच्या हातात दिला, जेवायला होईल म्हणून, आणि हा कपाटावर चढवला. यंदा बाप्पा मावशीच्या पाटावर बसणार आहेत.