काकांच्या गळ्यातलं यंत्र

ती घटना आजही आठवली की माझं डोकं भणभणतं. खरं तर तिला घटना म्हणावं की नाही, हाच प्रश्न आहे. खून नाही, दरोडा नाही, साधं काचेचं तावदानसुद्धा फुटलेलं नव्हतं. माझ्या नोकरीत मी गंभीर गुन्ह्यांचे तपास केले आणि त्यांतली बरीच माणसं विसरलो. पण निगडी प्राधिकरणातल्या एका सोसायटीचे काका काही केल्या विसरता येत नाहीत. नाव सांगत नाही. तसे काका प्रत्येक सोसायटीत एक असतातच.

हे काका एका मोठ्या कंपनीच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले. आमच्या पोलीस ठाण्याला त्यांची चांगली ओळख होती. पार्किंग, कुत्री, गच्चीवरचा वाढदिवस, सगळ्यावर त्यांचे अर्ज असायचे आणि प्रत्येक अर्जाची प्रत आयुक्तांना. गळ्यात दोरीने लटकवलेलं एक छोटं यंत्र असायचं. परदेशातल्या मुलीने दिलेला म्युझिक प्लेअर. सकाळी फिरताना त्यावर नाट्यगीतं ऐकायची आणि दिवसभर त्याच यंत्राने समोरच्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं. कुणी जरा आवाज चढवला की काका छातीवरचं बटण दाबणार. "नोंद असावी," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी एकदा विचारलं, "अहो, मोबाईल आहे की तुमच्याकडे." तर म्हणाले, "मोबाईलवर मध्येच फोन येतो, रेकॉर्डिंग तुटतं. पुराव्याचं काम आहे हे, साहेब."

एके दिवशी काकांचा नवा अर्ज वरिष्ठांमार्फत फिरून माझ्या टेबलावर आला. सोसायटीच्या वॉचमनने जिवे मारण्याची धमकी दिली, त्याचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, सबब कठोर कारवाई व्हावी. योगायोग असा, की त्याच वॉचमनचा चारित्र्य पडताळणीचा कागदही माझ्याच टेबलावर होता. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर त्याला कायम नोकरी मिळत होती. पगार, पीएफ, कँटीन, सगळं. ठाण्याकडून अहवाल 'निरंक', म्हणजे नावावर गुन्हा-चौकशी काही नाही असा गेला, की महिनाअखेर तो रुजू होणार होता. चौकशी चालू असलेल्या माणसाचा अहवाल निरंक पाठवता येत नाही आणि कंपनी काही आमच्या चौकशीसाठी खोळंबून राहत नाही. तिथे एका जागेसाठी दहा जण रांगेत उभे असतात.

वॉचमनला बोलावलं. लातूरकडचा, चाळिशीचा गृहस्थ. बायको आणि कॉलेजातली मुलगी यांच्यासह सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत राहायचा. मी दरडावून विचारलं, "धमकी दिलीस?"

"बोललो साहेब. खोटं कशाला सांगू? 'बघून घेईन' म्हणलो."

मला वाटलं, प्रकरण इथेच संपलं. पण तो पुढे म्हणाला, "पण त्याच्या आधी काका माझ्या लेकीला काय काय बोलले, ते बी लिवा की. चार लोकांसमोर बोलले. त्यांच्या त्या डबीत असंलच ना सगळं? ऐका तुमी."

रास्त मागणी होती. काकांना यंत्र जमा करायला सांगितलं. ते त्यांनी पाकिटात घालून, पाकिटावर स्वतःची सही करून आणलं. आमच्या हवालदाराने पाकीट फोडलं आणि तिथून माझ्या डोकेदुखीला सुरुवात झाली. त्या यंत्राला बटणं मोजकी, पण एकेका बटणाची कामं ढीगभर. एक दाबलं की गाणं लागायचं, तेच दाबून धरलं की भाषा बदलायची. अर्धा तास आम्ही कुठल्यातरी परक्या लिपीत अडकलो होतो. ठाणे अंमलदार डायरी सोडून माझ्या खांद्यावरून डोकावत होते. शेवटी आवाजाच्या फाइल्स सापडल्या, तर सगळ्यांवर एकच तारीख, कारण काकांनी यंत्रात तारीख कधी लावलीच नव्हती! क्वालिटीतला माणूस, बरं का.

त्या फाइल्स आम्ही सुरुवातीपासून थोड्या थोड्या ऐकल्या. लिफ्टचं दार, मिक्सर, टीव्हीवरची मालिका, काकांचा खोकला, शर्टाची खसखस. भांडण एकही नाही. ना पार्किंगचं, ना कुत्र्याचं, ना वॉचमनचं. मी काकांना विचारलं, "घरी कधी लावून ऐकलं होतं का हे?"

"ऐकायला कुठे वेळ आहे? नोंद असावी म्हणून करायचं." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "त्यानेच पुसलं! सेल बदलायला परवा तासभर त्याच्याच केबिनमध्ये होतं. पुरावा नष्ट केला. हेही घ्या अर्जात."

म्हणजे एकाच्या दोन तक्रारी झाल्या. वॉचमनला पुन्हा बोलावलं. आता मात्र त्याचा चेहरा उतरला. "साहेब, मला ते लावायला बी येत नाही, पुसू कुठून? सेल तेवढा बदलतो. दोन दिवसाला एक सेल खातंय ते. कायम मलाच पळवत्यात दुकानाला." मग अगदी हळू म्हणाला, "महिना संपत आलाय साहेब. तिकडं दुसरा माणूस घेतील. पोरीची फी त्याच पगारावर धरलीय." मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. बाकी काय सांगणार? माझ्याकडे एक कबुली होती, एक रिकामं यंत्र होतं आणि आयुक्तालयातून "अर्जाचं काय झालं?" असा फोन येऊन गेलेला.

दुसऱ्या दिवशी मला एका बड्या पाहुण्याच्या दौऱ्याचा बंदोबस्त होता. पाहुणे उशिरा येणार हे ठरलेलंच. मी ते यंत्र घेऊन जीपमध्ये बसलो, इअरफोन कानात घातले आणि वैतागून एकेक फाइल, मधलं पुढे पळवत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला लागलो. काकूंच्या भाजीत मीठ जास्त पडतं हे मला त्या दिवशी कळलं. काकांच्या जावयाबद्दलचं मतही कळलं. पण तिसऱ्या की चौथ्या फाइलला एक गोष्ट खटकली. प्रत्येक फाइल काकांच्या एकाच वाक्याने सुरू होत होती: "झालं, आलं सगळं." आणि शेवटची सोडली तर प्रत्येक फाइल संपताना काका कुणाला तरी म्हणत होते, "थांबा, काय म्हणालात? परत बोला." की लगेच टक् आवाज आणि फाइल बंद.

मी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा मागच्या बाजूला, म्हणजे गळ्यात घातल्यावर छातीकडे. बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कधीतरी ते चुकून चालू राहिलं असणार आणि काकांनी चालू करायचं म्हणून दाबलं ते बंद झालं. तेव्हापासून गाडी उलट्या रुळावर. भांडण सुरू झालं की यंत्र बंद, भांडण संपलं की चालू! गाणी लावली किंवा सेल बदलला, तर रेकॉर्डिंग तेवढ्यापुरतं थांबायचं आणि मग त्याच फाइलवर आपोआप पुढे सुरू व्हायचं. दिवसदिवस ते घरातलं बोलणं टिपत राहायचं, म्हणून तर दोन दिवसांत सेल संपत होता. मी जीपमध्ये एकटाच कपाळाला हात लावून बसलो. चालकाने विचारलं, "साहेब, बरं नाही का?"

मग मी शेवटची फाइल शांतपणे ऐकली. "झालं, आलं सगळं." लिफ्टचं दार. कुलूप. मग काकूंचा आवाज.

"कशाला चिडवलंत त्याला? पोरीचं नाव कशाला काढलंत?"

"त्याशिवाय तो बोलला नसता."

"म्हणजे?"

"म्हणजे आता अर्ज देतो. चौकशी लागली की त्याचा दाखला अडकतो. तोवर ती चाकणची जागा भरून जाते. मग जातोय कुठे? राहील इथेच. अगं, हा गेला तर तुझ्या गुडघ्यांना दवाखान्यात कोण नेणार? पंप कोण बघणार? असा माणूस परत मिळतो का? मी काही त्याचं वाईट करत नाहीये. घरचाच आहे तो. दिवाळीला त्याच्या पोरीला चांगला ड्रेस घेऊ."

मी इअरफोन काढले. राग आला. इतका, की पाहुण्यांची गाडी गेली तेव्हा सलाम ठोकायचा राहून गेला आणि त्यावरून पुढे मला वेगळं ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी काका-काकूंना ठाण्यात बोलावलं. वॉचमन बाहेर बाकावर होता. दार उघडंच ठेवलं होतं आणि आवाज मी मुद्दाम मोठा ठेवला. ती फाइल लावली. काका पहिलं वाक्य बोलले ते असं: "हे घरातलं खाजगी बोलणं आहे! चोरून रेकॉर्ड केलंय कुणीतरी!"

"काका, यंत्र तुमच्याच गळ्यात होतं."

"मग यंत्र सदोष आहे."

एवढ्या वर्षांत मी नाना तऱ्हेचे आरोपी पाहिले. हातात सुरी सापडलेला माणूसही क्षणभर खाली बघतो. हे मात्र माझ्याकडेच रोखून बघत होते. काकूच शेवटी म्हणाल्या, "अहो, पुरे आता. अर्ज मागे घ्या. माझे गुडघे मी बघीन." त्यांचे डोळे भरून आले होते.

काकांनी तक्रार नसल्याचा जबाब लिहून दिला. खोट्या अर्जाबद्दल मी त्यांना चार शब्द सुनावले, ते इथे छापण्यासारखे नाहीत. वॉचमनला आत बोलावून सांगितलं, की तुझा अहवाल आजच निरंक जाईल. मला वाटलं, पाया पडेल, रडेल. तसं काही झालं नाही. तो काकांकडे वळून म्हणाला, "काका, चार वर्षं मला घरचा माणूस म्हणत आलात. घरच्याचं असं करत्यात व्हय?" एवढंच बोलला आणि निघून गेला. महिनाअखेर तो चाकणला रुजू झाला. सोसायटीत नंतर एकही वॉचमन टिकला नाही, असं बीटवरचा हवालदार सांगायचा.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुढे कुठल्याही चौकशीत मी जबाब संपवायचो, पेनाला टोपण लावायचो, चहा मागवायचो आणि मग समोरच्याला बोलू द्यायचो. नोंद होतेय असं वाटत असताना माणूस सावरून बोलतो, आणि साहेबाने पेन खिशात घातलं की त्याच्या मनातलं बाहेर पडतं. पुष्कळ गुन्हे माझ्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी उघडकीला आले. तेवढ्यापुरते मी काकांचे आभार मानतो, पण तेवढ्यापुरतेच.

त्या दिवशी जाताना काकांनी आपलं यंत्र मागितलं. मी सही घेऊन परत दिलं. त्यांनी दोरी गळ्यात घातली, बटण चाचपलं आणि दारात थांबून मला विचारलं, "साहेब, आता हे चालू आहे की बंद?"

मी म्हटलं, "काका, चालूच आहे असं समजून बोलत जा."