सोपटांची खुर्ची

आमच्या बाबांचा केळीवर इतका जीव, की घरातली कोणतीही अडचण वाडीतल्या केळींनीच सोडवावी असं त्यांना वाटे. आजोबांच्या खुर्चीचंही तेच झालं.

वाटण्या झाल्या तेव्हा केळी आमच्याकडे आल्या आणि माड मोठ्या काकांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे गेले. त्यावर काकांनी अवाक्षर काढलं नाही. रुसले ते आजोबांची शिसवी खुर्ची आमच्याकडे आली म्हणून! मध्ये नुसतं कुंपण, पण तीन वर्षं त्यांनी आमच्या ओटीवर पाय ठेवला नाही. ताईचा साखरपुडा ठरला तसे बाबा स्वतः त्यांना बोलावून आले आणि आल्या आल्या खुर्ची दुरुस्तीला काढली. काका येतील याची खात्री नव्हती. आलेच तर तिच्यावरच बसवायचे होते.

तुळिंजहून कारागीर आला. आतला काथ्या कुजलाय, बाजारातून नवा आणा, म्हणाला.

"बागायतदाराच्या घरात विकतचा काथ्या?" बाबांनी केळीच्या खोडाच्या सोपटांचा, म्हणजे वाळक्या सालींचा, भाराच त्याच्यापुढे टाकला.

"सेठ, ये आवाज करेगा," तो म्हणाला. बाबांनी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. वर मरून रंगाचं रेक्झिन चढलं, पितळी खिळे बसले. आई बसून बघायला गेली, तर पापडांच्या चळतीवर बसल्यासारखा आवाज झाला. ती हसत सुटली. बाबा दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

साखरपुड्याला काका आले. बाबांनी खुर्ची पुढे केली, काका बसले. कर्रर्र! ते जरा सरकले. पुन्हा कर्रर्र! व्याही मांडवाचं कापड निरखू लागले. काका उठले.

काकांनी भरमांडवात खुर्ची उलटी केली, खालचं कापड उचकटून मूठभर सोपटं बाहेर ओढली.

"आपल्या बाबांच्या खुर्चीत सोपटं? माझ्या पडवीत काथ्याची रास पडलीय. मागायला तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं, दादा," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

काकांनी सोपटं पुन्हा आत कोंबली, खुर्ची सरळ केली आणि बसले. ताईच्या बोटात अंगठी जाईपर्यंत, आवाज होऊ नये म्हणून, ते तसूभरही हलले नाहीत.