गोठ्यातली गोष्ट राजाला कळली त्याची हकीकत

माझी बदनामी पुस्तकात छापून आली आहे, अशी एका दुपारपुरती माझी पक्की खात्री झाली होती.

तेव्हा जव्हारला राजेसाहेबांचं राज्य होतं आणि जामसरच्या आमच्या पाड्यावर माझं. (असं मी समजत असे. पाडा तसं समजत नव्हता.) मी दोन यत्ता शिकलेला. धाकटा भाऊ रावजी एकही नाही. तरी खळ्यावर मळणीचा बैल डावीकडून फिरवायचा की उजवीकडून, हे तो मला शिकवायला लागला. मी चारचौघांत सांगून टाकलं, "नीघ घरातून. पाया पडशील तेव्हाच उंबऱ्याच्या आत घेईन."

तो खरंच निघाला. त्याची बायको बायजा पोटुशी, दिवस भरत आलेले, हे ती दोघं दिसेनाशी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. पण बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा? शेजारच्या सोमानं त्यांना आपल्या गोठ्यात जागा दिली. माझ्या बायकोनं माझ्याशी बोलणं बंद केलं. भाकरी मात्र थापायची, जरा जास्तच जोरात.

पंधरा दिवसांनी नाशिककडचे एक पाद्री घोड्यावरून आले आणि सोमाच्या खळ्यावर गोष्ट सांगायला बसले. मी सगळ्यांच्या पुढे बसलो. शिकलेला माणूस पुढेच बसतो.

"एक गरीब जोडपं होतं," पाद्रीबाबा म्हणाले. "बाई पोटुशी, दिवस भरलेले. पण त्यांना कोणी घरात घेईना."

पाठीमागे माना वळल्याचं मला न बघता कळलं.

"शेवटी बिचारी गोठ्यात राहिली. गुराढोरांत."

मी उठून उभा राहिलो. "पाद्रीबाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात लिहिलंय, बाबा."

पुस्तकात! पंधरा दिवसांत!

"किती जणांनी वाचलंय?"

"साऱ्या जगानं," ते खूश होऊन म्हणाले. त्यांना वाटलं, ऐकणारा रंगलाय.

"मग घरवाल्याची बाजू लिहिलीय का त्यात? बैल डावीकडून फिरवायचा असतो, हे लिहिलंय?"

पाद्रीबाबांनी दोनचार पानं चाळली. "बैलाचं काही दिसत नाही," ते गोंधळून म्हणाले.

"म्हणजे एकाच बाजूचं ऐकून लिहिलंय."

"बस ना रं खाली, धर्मा," सोमा म्हणाला. "आम्हाला ऐकू दे."

"माझ्याच घरची गोष्ट माझ्यासमोर काय ऐकता?"

पाद्रीबाबांनी गोष्ट पुढे ढकलायचा प्रयत्न केला. "तर ही बातमी राजाला कळली..."

"राजाला कळली?"

"कळली. राजा फार संतापला. त्यानं शिपाई धाडले."

पुढचं मी ऐकलंच नाही. जव्हारचा शिपाई एकदा दारात आला, की घरातली कोंबडी आणि माणसाची इज्जत दोन्ही जातात. मी गोठ्याकडे धावत सुटलो.

गोठ्याच्या दारात रावजी डोकं धरून बसलेला. "दादा, कळा सुरू झाल्यात. मला काय सुचत नाय."

"तिला उचल. घरी चल."

"आधी पाया पडू?"

"पाया मागाहून पड. बाज धर."

आम्ही तिला बाजेवरून घरी आणलं. माझ्या बायकोनं दार उघडलं आणि पंधरा दिवसांनी तोंडही. "सुचलं का?" एवढंच म्हणाली आणि मला बाहेर काढून सुईणीला हाक मारायला गेली. मी काठी घेऊन उंबऱ्यावर शिपायांची वाट बघत बसलो.

आले ते पाद्रीबाबा, आणि त्यांच्यामागे सगळा पाडा.

"शिपाई किती मागे आहेत?" मी हळूच विचारलं.

"कोणते शिपाई?"

"राजाचे. तुम्हीच म्हणालात."

पाद्रीबाबा माझ्या शेजारी मटकन बसले. "अहो, तो राजा जव्हारचा नव्हे. हे सारं समुद्रापलीकडे घडलं, एकोणीसशे वर्षांपूर्वी. त्या गोठ्यात देवाचा पुत्र जन्मला, तुमच्याआमच्यासारख्यांच्या उद्धारासाठी."

एवढ्यात आतून पोर रडलं. मुलगी झाली होती. रावजी बाहेर येऊन माझ्या पायांवर पडला, हुंदके देत. "दादा, तू आपणहून आलास. मी जन्मात विसरणार नाय."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या बायकोनं ते फडक्यात गुंडाळलेलं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. (विटाळाचं काय, असं कोणीतरी पुटपुटलं. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.) माझं तोंड आपोआप मिटलं.

माणसं पांगल्यावर मी पाद्रीबाबांना म्हणालो, "मी भिऊन धावलो होतो. मायेनं नाही. आमच्यात चुकलेल्याला पंच दंड लावतात. तुमच्यात काय पडतो? बोकड देतो."

"दंड नाही," ते हसले. "याला कृपा म्हणतात, बाबा. लायकी नसताना मिळते ती."

आता मात्र मला राग आला. थोरला मी, घर माझं, उंबरा माझा, आणि लायकी नाही? पाद्रीबाबांशी मी दिवस मावळेपर्यंत कडाक्याचा वाद घातला. अगदी हळू आवाजात. पोर मांडीवर झोपली होती.