कव्हरखालची गाडी

नाहूर ते मुलुंड या पट्ट्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं गाडीवर प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि पाहिलाय असं कोणी म्हणालं तर मी भांडायला तयार आहे. लोक गाडी चालवतात, ठोकतात, विकतात. काका नुसतं प्रेम करायचे. दर रविवारी चर्चमधून आले की इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून ते पार्किंगमध्ये उतरायचे आणि गाडीचं रुपेरी कव्हर ओल्या फडक्यानं पुसायचे. नुसतं कव्हर. ते निघालेलं चार वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं, कारण खालून सुतळीनं आवळून काकांनी त्याच्या कडांवर विटा ठेवल्या होत्या. क्रिकेटवाली पोरं जवळ फिरकली की गॅलरीतून आवाज यायचा, "ए, पेंटला ओरखडा आला तर बघा हां."

मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती, कुठल्याशा कंपनीत स्टोअरकीपर होते. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. बोटात चावी गरगर फिरवत गेटवर रिक्षाची वाट बघत उभे राहायचे (ती चावी कपाटाची होती, हे नंतर कळलं). मी विचारायचे, "काका, गाडी असून रिक्षा?" तर म्हणायचे, "या ट्रॅफिकमध्ये गाडी काढू? वेड लागलंय का गं मला?" पेट्रोल महागलं की सोसायटीत सगळ्यात जास्त संताप त्यांचा. आणि गंमत म्हणजे दिखाव्याची त्यांना भयंकर चीड. सेक्रेटरींनी भिंतीएवढा टीव्ही घेतला, तेव्हा नाताळच्या करंज्या घेऊन आलेले काका आमच्या दारातच सुरू झाले. "बायबलात, नीतिसूत्रांत लिहिलंय बघ. एक जण श्रीमंतीचं सोंग आणतो आणि घरात ठणठणाट. दुसरा फाटका दिसतो, पण सगळं भरलेलं. सेक्रेटरीला वाचून दाखवायला पाहिजे." मी मान डोलावली. चाळीस घरांना स्वतः करंज्या लाटून वाटणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

मग ती दुपार आली. सासूबाई जेवून उठल्या आणि छातीवर हात ठेवून खालीच बसल्या. नवरा आणि सोसायटीतल्या बाकी सगळ्या गाड्या ऑफिसात, रिक्षांचा संप, लिफ्ट बंद, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणतो पाऊण तास. हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून, पण त्यांना पाऊल टाकवेना. माझी तर वाटच लागली. मी धावत वर गेले, "काका, गाडी काढा."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभरच. मग म्हणाले, "गाडी नाही गं. कधीच नव्हती. आत बांबू आहेत." आणि सत्तरीचा तो माणूस माझ्याआधी जिना उतरला. सगळ्या सोसायटीदेखत त्यांनी विटा लाथाडल्या, सुतळी तोडली, कव्हर ओढलं. मांडववाल्याच्या बांबूंचा सांगाडा उघडा पडला. कोणी हसायच्या आत त्यांनी दोन लांब बांबू उपसले, कव्हर त्यांना गुंडाळून करकचून बांधलं आणि वर आणलं. सेक्रेटरी मदतीला आले होते, ते चाचरले. "काका, आमच्यात जिवंत माणसाला बांबूवरून नेत नाहीत."

"आमच्यात नेतात," काका म्हणाले. "उचला."

पुढे काका आणि वॉचमन, मागे सेक्रेटरी आणि मी, अशी आमची वरात हॉस्पिटलात पोचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी बाकावर बसून घळाघळा रडले. शेजारी काका स्वतःच्या चपलांकडे बघत होते. "नव्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या आल्या," ते म्हणाले. "माझीच जागा रिकामी. लाज वाटायची गं. ते सोंगाचं वचन माझ्यासाठीच होतं." सेक्रेटरी अजून धापा टाकत होते. "असू दे हो काका. माझा टीव्हीपण हप्त्यावरचा आहे."

सासूबाई घरी आल्या आणि प्रत्येकाला सांगायला लागल्या, काकांनी त्यांच्या गाडीतून नेलं म्हणून मी वाचले. कोणीही त्यांची चूक सुधारली नाही. एकदा त्यांनी काकांनाच विचारलं, पुन्हा फिरवून आणाल का? तेव्हापासून दर रविवारी दुपारी काका रिक्षा घेऊन यायचे, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणायचे, आणि दोघं तलावापर्यंत जाऊन भुईमुगाच्या शेंगा खाऊन परत यायची. गाडी दोन वर्षं सर्व्हिसिंगला होती. त्या रविवारांसाठी सासूबाई शनिवारपासूनच पातळ काढून ठेवायच्या.

शेवटच्या आजारपणात एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या मालवणीत हळूच म्हणाल्या, "गो, माका काय कळना नाय काय? पाठीक बांबू लागत होते. पण त्यांका सांगा नको हां. मग रविवारचे येवचे नाय."

सासूबाईंना जाऊन आता वर्ष होईल. काकांना मी अजून सांगितलेलं नाही.