किनुए-सानचा डावा हात

रोज सकाळी पहिला मासा फळीवर घेण्याआधी किनुए-सान डावा हात कानाजवळ नेऊन तीनदा झटकायच्या. ताप बघून झाल्यावर थर्मामीटर झटकावा, तसा. मग सुरी उचलायच्या, तीही डाव्याच हातात, आणि पुढचे तीन तास तो हात थांबायचा नाही. अजी नावाचा वीतभर मासा पोटाकडून उघडायचा, आतलं काढायचं, धुवायचा, मिठाच्या पाण्यात सोडायचा, मग जाळीवर पसरून उन्हावाऱ्याला द्यायचा. नुमाझूच्या बंदरामागच्या गल्लीत सात-आठ दुकानं हेच करतात, पण डाव्या हाताने करणाऱ्या सेरिझावा किनुए एकट्याच. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी हात बदलायला सांगितलं होतं. किनुए-साननी महिनाभर उजव्या हाताने मासे उघडले. ते मासे बघून सासूबाईंनीच डावखुऱ्यांची सुरी करवून आणली.

हात कानाजवळ कशाला नेता, असं मी एकदा विचारलं.

"मनगट कुरकुरतंय का ऐकते," त्या म्हणाल्या. "कुरकुरलं तर त्या दिवशी मासे कमी."

महिन्यातून एकदा, संध्याकाळी, हीच बाई अंगातला मिठाचा वास साबणाने तीनदा घासून काढायची, गळ्यात बँडच्या नावाचा टॉवेल अडकवायची आणि स्टेशनजवळच्या तळघरातल्या हॉलमध्ये उजवीकडच्या खांबाशी येऊन उभी राहायची. वय बासष्ट. आजूबाजूची गर्दी विशीतली. बँडचं नाव 'दुपारचं दीपगृह'. पोरं गाणाऱ्याकडे बघत, पोरी गिटारवाल्याकडे. खांबाशी उभे राहणारे आम्ही तिघं मात्र फक्त ड्रमवर बसणाऱ्या इबुकीकडे बघायचो. त्या खांबापासून तिचा डावा हात स्पष्ट दिसतो, म्हणून ती जागा.

आमच्यातले तिसरे मुरोफुशी-सान. नगरपालिकेच्या पाणी खात्यात आहेत. ते पक्षी बघायची दुर्बीण घेऊन येतात आणि इबुकीच्या सामानाची नोंद ठेवतात. कुठली झांज किती इंची, कुठला ड्रम कुठल्या लाकडाचा, स्टूल किती वर, सगळं.

"घरी काय सांगून येता?" किनुए-साननी त्यांना विचारलं होतं.

"बगळे बघायला जातो म्हणून."

"संध्याकाळी सात वाजता?"

"बायको विचारत नाही. मी सांगत नाही."

आठ वर्षांपूर्वी किनुए-सान त्या हॉलमध्ये पहिल्यांदा आल्या त्या मासे पोचवायला. हॉलच्या मालकाने खारे अजी मागवले होते. आत तालीम चालली होती. एकोणीस वर्षांची एक पोर हॉलच्याच जुन्या ड्रमवर बसली होती. तिचं स्वतःचं असं फक्त पायाचं पेडल, शाळेच्या जुन्या दप्तरातून आणलेलं. ताल पुढे पळत होता आणि ती मागून धावत होती. मासे देऊन निघायचं सोडून किनुए-सान तिथेच उभ्या राहिल्या. "त्या पोरीचा डावा हात घाबरलेला होता," त्या पुढे सांगायच्या. "घाबरलेला हात मला लगेच ओळखू येतो."

मग वर्षं गेली तसं सामान वाढत गेलं. आधी स्वतःचा एक ड्रम आला, मग एक झांज, मग तिला तडा गेला तेव्हा कडेचा तुकडा कापून तीच झांज दोन वर्षं चालली. आम्हाला तो कापलेला कोपरा चंद्रकोरीसारखा पाठ झाला होता. गेल्या वर्षी पूर्ण सेट आला, ओल्या शेवाळाच्या हिरव्या रंगाचा. कार्यक्रम संपल्यावर सामान आवरायच्या आधी पाच मिनिटं सेटचा फोटो काढू देतात. त्या रांगेत मुरोफुशी-सान नेहमी पहिले असत आणि घाईत त्यांचेच फोटो हललेले येत.

"आजचा छोटा ड्रम पितळी आहे," ते सांगायचे. "साडेसहा इंच खोल."

"आवाज भिजलेल्या लाकडासारखा येतोय."

"पितळी आहे, किनुए-सान."

"मग भिजलेल्या पितळेसारखा येतोय."

पण हातही वाढत होता. ताल पळायचा थांबला. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये इबुकी डाव्या हाताने हलके हलके ठोके पेरायला लागली, इतके हलके की ते कानाला नाही, पायाला कळायचे. त्या दिवशी किनुए-साननी माझ्या दंडाला चिमटा काढला होता. मी वळून बघितलं तर त्या समोरच बघत होत्या, चिमटा आपण काढलाच नाही अशा.

चाहत्यांचे नियम असतात. कलाकाराला कसं वाजवायचं ते सांगायचं नाही. आणि हॉलच्या बाहेर तो कुठे दिसला, तर ओळख दाखवायची नाही. त्याचा तो वेळ त्याचा. मुरोफुशी-सान एकदा पावाच्या दुकानात रांगेत इबुकीच्या मागे उभे होते. ओळख न दाखवण्याच्या धडपडीत त्यांनी स्वतःला न आवडणारा लाल चवळीचं गोड सारण भरलेला पाव घेतला आणि सुटे पैसे तिथेच विसरून आले. दोन वर्षं झाली, तो पाव अजून त्यांच्या बोलण्यात येतो.

बोलायची जागा एकच. हॉलच्या दारात एक छापील कागद आणि अर्धी पेन्सिल मिळते. आज कुणाला बघायला आलात, कुठलं गाणं आवडलं, पुढच्या कार्यक्रमाचं कार्ड पाठवायला पत्ता, आणि शेवटचा प्रश्न, आणखी काही सांगायचं आहे का. किनुए-सान पत्ता लिहायचा कंटाळा करत. पिशवीत दुकानाचा शिक्का असे, तो मारून मोकळ्या होत. 'सेरिझावा सुकी मासळी, बंदरामागची गल्ली, सोमवारी बंद.' शेवटच्या प्रश्नाखाली मात्र त्या जीभ दातात धरून लिहीत.

'डावीकडची झांज मागच्या वेळेपेक्षा दोन बोटं खाली. बरी दिसते.'

'बुटांचा तळ पातळ झाला. पाय आता वेळेवर येतो.'

फक्त दिसलेलं लिहायचं. सल्ला नाही. आठ वर्षांत एकदाही नाही.

मार्चमधल्या कार्यक्रमात इबुकीच्या डाव्या मनगटाला पांढरी पट्टी होती. तिसऱ्या गाण्यात काठी हातातून निसटली. बँडचं सगळ्यात वेगाचं गाणं सुरू झालं, आणि ती पुन्हा निसटली. मुरोफुशी-साननी दुर्बीण खाली घेतली आणि परत लावली नाही. किनुए-साननी त्या रात्री कागदावर लिहिलं, 'डाव्या मुठीत काठी आवळू नका. दोन बोटं पुरतात. बाकीच्यांना झोपू द्या.' घडी घालून कागद दारातल्या पेटीत टाकला आणि लगेच परत काढायला हात घातला. तोवर हॉलच्या पोराने पेटी उचलली होती.

दहा दिवसांनी बँडने कळवलं की इबुकीच्या मनगटाला सूज आहे. जुलैपर्यंत दुसरा वाजवणारा बसेल. ऑगस्टमध्ये इथल्या कार्यक्रमाला ती बसणार की नाही, ते जुलैमध्ये सांगू. ते वेगाचं गाणं तूर्त बंद.

"मी लिहिलं म्हणून झालं," किनुए-सान म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी हात झटकला नव्हता. थेट सुरी उचलली होती.

"सुजेमुळे झालं," मुरोफुशी-सान म्हणाले. "तुमच्या पेन्सिलीत एवढा जोर नाही."

"आठ वर्षं तोंड शिवून बसले आणि नेमकं तेव्हाच उघडलं."

"तोंड कुठे, पेन्सिल."

"तुम्ही पाव खा."

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी वडिलांसाठी मासे घ्यायला गेले होते. साडेनऊ झाले असतील. दुकानासमोर एक मुलगी सायकल लावून उभी राहिली. टोपी, मास्क, लांब बाह्या. डाव्या बाहीतून पट्टीची कड दिसत होती.

किनुए-सान आणि मी, दोघींनी एकाच वेळी जाळीवरच्या माशांकडे बघायला सुरुवात केली.

"काकू, दोन अजी द्या," मुलगी म्हणाली.

"देते ना, ताई. उन्हातले देऊ की सावलीतले?"

"चांगले कुठले?"

"दोन्ही मीच केलेत. मी काय सांगणार."

मासे बांधून झाले तरी ती गेली नाही. किनुए-सानच्या हाताकडे बघत राहिली. त्यांनी पुढचा मासा घेतला, मग पुढचा.

"काकू, दिवसाला किती उघडता?"

"सहाशे. पूर्वी हजार."

"हात दुखत नाही?"

"दुखायचा. सुरी धरून ठेवायचे तोवर."

"धरायची नाही तर पडेल ना?"

"मलाही तसंच वाटायचं. पडून पडून कुठे पडणार, फळीवरच." त्यांनी सुरी तिच्यासमोर धरली, अंगठा आणि पहिलं बोट. बाकीची तीन नुसती सोबतीला. "काटा लागला की नवं माणूस आणखी आवळतं. तिथेच सैल सोडायचं असतं. सुरीला वाट माहीत असते."

मुलीने मास्क नाकावर सारखा केला. "मला शिकवाल?"

"उजव्या हाताची सुरी आत आहे, आणते."

"डाव्याने शिकायचंय."

"तुम्ही डावखुऱ्या?"

"नाही."

किनुए-साननी सुरी फळीवर ठेवली. नियम त्यांच्या चेहऱ्यावर इकडून तिकडे फिरून आला, आणि मग त्यांनी एप्रन पुढे केला. "मासा ज्याला त्याला आवडेल तसा शिकावा. आधी हात कानाजवळ न्या. तीनदा झटका. ऐका."

पहिल्या माशाचं भरीत झालं.

"हा मांजराला," किनुए-सान म्हणाल्या.

"मांजर आहे तुमच्याकडे?"

"नाही. आता पाळावं लागेल."

त्यानंतर ती दर शनिवारी यायला लागली. किनुए-सान तिला नाव विचारायच्या नाहीत, ती सांगायची नाही. दुकानाच्या भिंतीवर बँडचं मोठं चित्र होतं, शनिवारी सकाळी त्यावर कॅलेंडर टांगलं जायचं. जूनमध्ये एकदा ते टांगायचं राहिलं. मुलगी एप्रन बांधता बांधता थबकली. भिंतीवर तीच होती, हिरव्या सेटच्या मागे, तोंड उघडं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"कोण जाणे. ही लावून गेली." किनुए-साननी माझ्याकडे बोट केलं. मी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"काय करते?"

"ड्रम वाजवते म्हणे."

"बरी वाजवते का?"

किनुए-साननी हातातला मासा पूर्ण उघडला, धुतला, पाण्यात सोडला. "पूर्वी घाबरून वाजवायची," त्या म्हणाल्या. "मग ऐकायला शिकली. ऐकायला लागली तेव्हापासून चांगली वाजवते. मध्ये जरा परत घाबरली, एवढंच. कुणीतरी सांगायला हवं तिला."

"मला कुठे भेटली तर सांगते," मुलगी म्हणाली आणि मासा उचलला. त्या दिवशी मांजराच्या वाट्याला काही आलं नाही.

ती गेल्यावर किनुए-सान मला म्हणाल्या, "गल्लीत आठ दुकानं, आणि नेमकी माझ्याकडे आली. योगायोग बघ." मी शिक्क्याची आठवण करून दिली नाही. तो समोरच होता, हिशेबाच्या वहीवर, 'सोमवारी बंद'.

जुलैच्या मध्यावर बँडने कळवलं की इबुकी बसणार, पण वेगाच्या गाण्याचं तिच्या हातावर सोडलंय. मनगट ऐकेल तसं.

ऑगस्टचा कार्यक्रम शुक्रवारी होता. आम्ही पाचलाच खांब धरला. पडदा सरकला आणि मुरोफुशी-साननी सुस्कारा सोडला.

"दोन ड्रम कमी केलेत. झांजाही खाली आणल्यात. एवढा सुंदर सेट."

"पसारा कमी झाला," किनुए-सान म्हणाल्या.

"आठ वर्षांची नोंद आहे माझ्याकडे. वाढत गेलेली."

"मग आज कमी झाल्याची लिहा."

पहिली सहा गाणी नीट गेली. पट्टी नव्हती. सातव्याआधी दिवे उतरले. गाणारा मागे वळून इबुकीकडे बघत उभा राहिला. वाजवायचं की नाही, ते ती ठरवणार होती. तिने काठी मांडीवर ठेवली. डावा हात कानाजवळ नेला आणि तीनदा झटकला. जरा थांबली. मग काठी उचलली आणि मान हलवली.

वेगाचं गाणं सुरू झालं. मधल्या जागी, मार्चमध्ये जिथे काठी निसटली होती, तिथे तिचा हात उलट सैल झाला. अंगठा आणि एक बोट. बाकीची तीन झोपली होती. ठोके एकमेकांच्या अंगावर न पडता, जाळीवरच्या माशांसारखे शेजारी शेजारी येऊन पडत राहिले. माझ्या बाजूला किनुए-साननी खांबाजवळचा कठडा घट्ट धरला होता. आपण आवळतोय हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी हाताकडे बघितलं आणि बोटं एकेक करून सोडली.

दिवे लागल्यावर मुरोफुशी-सान वहीत लिहीत होते. "सातव्या गाण्याआधी डावा हात कानाशी नेऊन झटकला, तीन वेळा. हे नवीन. किनुए-सान, पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"कुठून शिकली असेल? टोकियोच्या कुठल्या गुरूकडे जाते की काय?"

किनुए-सान कागद भिंतीवर टेकवून लिहीत होत्या. शेवटच्या प्रश्नाखाली एवढंच, 'दोन ड्रम कमी. झांजा खाली. हात छान.' मग पिशवीतून शिक्का काढला, तोंडाची वाफ दिली, मारला. कागद पेटीत टाकला, टॉवेल घडी करून ठेवला.

"मुरोफुशी-सान," त्या म्हणाल्या, "उद्या वारा चांगला आहे. अजी हवे असतील तर नऊच्या आत या, नंतर माझं शनिवारचं गिऱ्हाईक असतं."