बाबाची साठ वाव

बाबाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि त्याची होडी सुटली. जन्मभर हातदोरीने मासे मारलेला माणूस, घरात बसून नुसता चिडचिड करायचा. एक दिवस म्हणाला, "मला ती रीलवाली काठी आण. धक्क्यावर बसून एक तरी जिताडा काढीन. मग मेलो तरी हरकत न्हाय."

"मरायची भाषा केलीस तर काठी न्हाय आणि जेवण पण न्हाय," मी बोलले. आमचं असंच. अख्ख्या थळ गावात माझ्याएवढी तोंडाळ पोर नव्हती, आणि बापाशी दिवसातून दोनदा तरी वाजल्याशिवाय मला चैन पडत नसे.

अलिबागच्या दुकानदाराने आधी मोठ्या स्पूलचं रील पुढे केलं. भरपूर दोरी मावते म्हणाला. मी ते हातात धरून बघितलं. छे, बाबाला पेलणार नव्हतं. मग लहान घेतलं. तर म्हणतो, "ताई, लहान स्पूलवर नायलॉनची बारीक तंगूस घ्या, दोनशे मीटर बसेल. जाड घेतलीत तर एकशेदहा." पण जिताड्याच्या गालाची कड म्हणजे वस्तरा, बारीक तंगूस तो सहज कापतो. मी जाडच घेतली, अख्खी मोठी गुंडी. दोन्ही हात ताणून पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढी दोरी येते ती एक वाव. एकशेदहा मीटर म्हणजे साधारण साठ वाव. तेवढी पुरली असती, पण स्पूलवर त्याहून जास्त मावणार नव्हती.

पडवीत बसून आम्ही स्पूल भरायला घेतला. बाबा मोजणार, मी रील फिरवणार. "मीटर-बिटर मला सांगू नको," त्याने आधीच दम दिला. दोन-तीन वावांतच माझ्या लक्षात आलं. त्याचा उजवा हात पुरा जायचा, डावा कोपरातच अडकायचा. त्याला मात्र दोन्ही हात पसरले असंच वाटत होतं. डोळे मिटून मोठ्याने मोजत होता. कित्येक महिन्यांनी इतका खुशीत दिसला होता.

"साठ! काप."

तंगूस स्पूलच्या कडेच्या जरा खाली यायला हवी, हे दुकानदाराने बजावलं होतं. इथे बोटभर खड्डा राहिला होता.

"बाबा, भरला न्हाय."

"खोक्यावर काय पण छापतात. साठ म्हंजे साठ. बापाला मोजायला शिकवतेस?"

एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो हसत होता. मी कात्री लावली. मागाहून गुपचूप पुरी भरू म्हटलं, ते राहूनच गेलं.

आठ दिवसांनी सकाळच्या भरतीला आम्ही खाडीच्या तोंडाशी धक्क्यावर बसलो. गळाला जिवंत कोळंबी लावली होती. तासाभराने रील एकदम किर्र करून ओरडलं आणि लांब पाण्यात जिताडा अंग फेकून वर आला. केवढा होता!

बाबाने घाई केली नाही. काठी पोटाशी टेकवली आणि म्हणाला, "जाऊ दे त्याला. साठ वाव हाय. आपोआप दमेल."

मी स्पूलकडे बघत होते. तळ दिसायला लागला होता. खट्ट झालं, स्पूलला बांधलेली गाठ तुटली आणि काठी सरळ झाली.

बाबा रिकाम्या स्पूलकडे बघत राहिला. मग काठी खाली ठेवून त्याने दोन्ही हात पसरले. आधी उजव्याकडे बघितलं, मग डाव्याकडे. उजव्या हाताने डावा ओढून बघितला. आई गं, ते बघवत नव्हतं.

"तुला म्हाईत व्हतं," तो म्हणाला.

"व्हय."

आता ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडावं असंच वाटत होतं मला.

"जल्मभर माझ्याशी भांडलीस," तो हळू बोलला. "त्या दिवशीच का गप बसलीस? ह्या बापाशी भांडण्यासारखं आता काय उरलं न्हाय, असं वाटलं काय गं तुला?"

घरी येताना मीच काठी उचलली, तीही त्याने मुकाट्याने उचलू दिली.

त्यानंतर बाबा दोन वर्षं होता. मी खूप भांडून बघितलं. औषधावरून, अंघोळीवरून, उगाच काहीतरी उकरून काढून. तो नुसता "बरं" म्हणायचा.